दुधाशिवाय बळ

"काय गं, साताऱ्यात राहतेस आणि कंदी पेढा खात नाहीस?" हा प्रश्न या महाविद्यालयात आल्यापासून मला किती वेळा विचारला गेला असेल, याची गणती नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "दूध नाही, दही नाही, अंडे नाही, मग अंगात ताकद येणार कुठून?" पहिला प्रश्न मी हसून सोडून देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला स्वतःलाच शोधावे लागले, आणि त्यासाठी एकदा चांगली ठेच खावी लागली. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्राची नव्हे. तरीही डॉक्टरांकडून, ग्रंथालयातून आणि स्वतःच्या शरीराकडून जे शिकले, ते माझ्यासारख्या गावाकडून आलेल्या मैत्रिणींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडते.

दूध, दही, तूप, अंडी, मांस, मध असा कोणताही प्राणिजन्य पदार्थ न घेणाऱ्याला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. शब्द परका असला तरी तसे जेवण माझ्या घरी जवळजवळ होतेच. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी हेच रोजचे ताट. दारात म्हैस होती. पण दूध हे आमच्यासाठी पिण्याचे नव्हते, डेअरीला 'घालायचे' होते. सकाळ-संध्याकाळ किटली भरून जायची आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला चहापुरते दूध उरायचे.

तेही मी सोडले ते २०२२ च्या उन्हाळ्यात. दहावीची परीक्षा देऊन मी घरी होते. आमची म्हैस व्याली आणि वीस-बावीस दिवसांत तिचे रेडकू आजारी पडून गेले. रेडकू नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा सोडेना. वाडीतल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने जुनी युक्ती केली. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवले. ती ते चाटू लागली आणि आई खाली बसून धार काढू लागली. त्या दिवसापासून दुधाचा घोट माझ्या घशाखाली उतरला नाही. यात मी काही थोर केले, असे मला वाटत नाही. आई एवढेच म्हणाली, "तू नको पिऊस. पर दूध घातलं न्हाई तर तुझी फी काय ढगातनं पडंल?" ती खरेच बोलली. माझी प्रथम वर्षाची फी त्याच दुधाच्या पैशांतून भरली गेली. तेव्हा दूध पिणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते.

आता मूळ विषयाकडे वळते. गावी असताना मी कधी व्यायाम केला नाही. त्याची गरजच नव्हती. शाळा तीन किलोमीटरवर, जाणे-येणे पायी. विहिरीवरून पाण्याच्या दोन खेपा, विळ्याने वैरण कापणे, भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालणे, शेणघाण काढणे. हे सारे करून वर अभ्यास. साताऱ्यात आम्ही तिघीजणी खोली घेऊन राहू लागलो आणि हे सारे एका दिवसात सुटले. नळाला पाणी, कोपऱ्यावर रिक्षा, दिवसभर बाकावर बसणे आणि रात्री मोबाईल. स्वयंपाकाचा कंटाळा आला की भात आणि पातळ आमटी, नाहीतर बिस्किटे आणि कोरा चहा. आम्ही याला सुख समजत होतो. आमच्या घराण्यातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पिढीला शिक्षण म्हणजे अंगमेहनतीतून सुटका असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

मी प्रथम वर्षात असताना, २०२४ सालच्या डिसेंबरमध्ये, रक्तदान शिबिर होते. मी मोठ्या उत्साहाने रांगेत उभी राहिले. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन तपासले : १०.४. रक्तदानासाठी ते निदान १२.५ असावे लागते. मला परत पाठवण्यात आले. मागच्या रांगेतून कोणीतरी बोललेच, "दूध सोडलं की असंच होणार!" महाविद्यालयाचा जिना चढताना मला दम लागत होता हे खरे होते, आणि त्याचे कारण आता सगळ्यांना सापडले होते. त्या रात्री मला प्रथमच वाटले, की आपण हट्टापायी शरीराचे वाटोळे तर करीत नाही ना?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट ऐकून मी चकित झाले. दुधात लोह जवळजवळ नसतेच! रक्त वाढवण्यासाठी लागते ते लोह. तेव्हा माझ्या रक्तक्षयाचा दोष दुधावर ढकलता येत नव्हता. मुलींना दर महिन्याच्या पाळीमुळे मुलांपेक्षा जास्त लोह लागते. मी मात्र जेवण तोडले होते, पालेभाजी सोडली होती आणि जेवणाबरोबर कोरा चहा पीत होते. चहातील तुरट द्रव्ये अन्नातले लोह आतड्यात शोषू देत नाहीत. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्व ते शोषण्यास मदत करते. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी नेमाने घेतल्या आणि सुधारणेचे मोठे श्रेय त्या गोळ्यांना आहे. पण चहा जेवणापासून तासभर लांब नेणे, मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळणे, अळीव आणि पालेभाजी ताटात आणणे हे माझ्या हातात होते. ते मी केले.

प्रथिनांचा हिशेबही मी कागदावर मांडला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. माझे वजन ५० किलो. म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाच्या चार भाकऱ्यांना अडीचशे ग्रॅम पीठ धरले, तर २७ ग्रॅम तेथेच झाली. साठ ग्रॅम डाळ-कडधान्यातून १३ आणि मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४७! वनस्पतींतील प्रथिने पचनाला थोडी कमी पडतात, म्हणून हात थोडा सढळ ठेवावा. आणखी एक गोष्ट : धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो, कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी. भाकरीला उसळ आणि भाताला वरण अशी जोडी आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तक न वाचताच जमवली होती.

हाडांसाठी लागणाऱ्या कॅल्शियमची चिंता सर्वांना असते. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, आणि न सोललेल्या तिळात त्याहून कितीतरी जास्त. जावळी-महाबळेश्वरकडची नाचणी साताऱ्याच्या बाजारात मिळते. म्हणून आता आमच्या खोलीत आठवड्यातून चार दिवस बाजरीऐवजी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी असते. शिवाय हाडांना नुसते कॅल्शियम पुरत नाही. त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि अंगाला ऊन लागावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला आधी ठाऊक नव्हती. बी-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात, आणि आपल्याला ते भरवशाने प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्यानेही त्याची खात्री देता येत नाही. ते कमी पडले तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, ज्ञानतंतूंना इजा पोहोचते. शरीरात त्याचा साठा असतो, म्हणून उणीव लगेच कळत नाही. वर्षे लोटल्यावर कळते. माझ्या तपासणीत तेही कमी निघाले. दूध पिणाऱ्या अनेक शाकाहारी लोकांतही ते कमी आढळते, असे डॉक्टर म्हणाले. यावर उपाय सोपा आहे : गोळी घेणे. रोज लागते ते जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण ती गोळी टाळून चालत नाही. "मी नैसर्गिक जेवते, मला गोळी कशाला?" हा ताठा मी त्या दिवशी सोडला.

येथे गांधीजींची आठवण होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ मध्ये ते अतिसाराने मरणाच्या दारी पोहोचले. शक्ती भरून येईना, तेव्हा कस्तुरबांच्या आग्रहावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रत घेताना आपल्या मनात गाय-म्हैसच होती, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण ती टोचणी त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. दुधाची जागा घेईल असे वनस्पतिजन्य काही मिळावे, अशी त्यांना तळमळ होती. ज्या १९४८ साली गांधीजी गेले, त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी बी-१२ वेगळे करून दाखवले. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली आणि १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. गांधीजींचा आजार वेगळा होता, हे मान्य. पण नुसत्या निश्चयाने जे भागत नाही, ते ज्ञानाने भागते. आणि ते ज्ञान आज आपल्याला औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. मग ते नाकारायचे कशासाठी?

अन्नाचे झाले, पण नुसत्या अन्नाने बळ येत नाही, ते वापरावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे चालणे-फिरणे करावे, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा नाहीत! मी रिक्षा सोडली आणि महाविद्यालयात भरभर चालत येऊ लागले. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे तेथेच झाली. सकाळी खोलीत सूर्यनमस्कार सुरू केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याच आपल्या जिल्ह्यात सूर्यनमस्कारांचा जन्मभर प्रचार केला, हे मला येथे येऊन वाचनात आले. औंध आमच्या वाडीपासून काही फार लांब नाही. पहिल्या दिवशी सहा नमस्कारांत मी बसकण मारली. आज चोवीस घालते. मंगळवारी आणि शुक्रवारी बैठका आणि जोर. जोर प्रथम भिंतीला हात टेकून, मग खाटेच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर, अशा पायऱ्यांनी जमले. रविवारी पहाटे आम्ही तिघी अजिंक्यताऱ्यावर जातो. पूर्वी दरवाजापर्यंत पोहोचायला मी चार वेळा बसत होते. आता न बसता चढते आणि वरून जागे होणारे सातारा पाहते.

यात खर्च काय? एक जुने चादरवजा अंथरूण आणि पायांत रबरी बूट. तालमीतले पैलवान दूध-बदाम पितात, त्यांची मेहनतही तशी असते. आपल्याला आखाडा मारायचा नाही. जिना चढताना दम लागू नये, रात्री शांत झोप यावी, साठीत गुडघे धड असावेत, एवढेच हवे आहे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पहाटे अंगणात नमस्कार घालताना आईने पाहिले. "कामं काय कमी हायत व्हय, म्हणून उड्या मारतीस?" असे म्हणून तिने माझ्या हातात हंडा दिला. मी मुकाट्याने विहिरीवर गेले. वाटेत तिचे म्हणणे मला पटले, आणि माझेही मला पटले. तिच्या आयुष्यात अन्न आणि मेहनत दोन्ही न मागता आली; पोटाला चिमटा घेऊन आणि कंबर मोडून आली. तिला व्यायामाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे. हंडा सुटला तो माझा. म्हणून त्याची भरपाई समजून-उमजून करण्याचे कामही माझेच. परत येताना मी तिला बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यायला तालुक्याला नेले. तिचे हिमोग्लोबिन माझ्या जुन्या आकड्याहूनही कमी निघाले. दूध काढणारी, दूध घालणारी ती. पण तिचे ताट सर्वांत शेवटी वाढले जाते. आता लोहाच्या गोळ्या तीही घेते, आणि चहा जेवणानंतर तासाने घेते.

माझे हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात १२.२ भरले. रक्तदानाला अजून थोडे कमी आहे. या वर्षीच्या शिबिरात मी पुन्हा रांगेत उभी राहणार आहे. त्या दिवशी मागच्या रांगेत तुम्ही असाल, तर कृपा करून दुधाचे विचारू नका; सकाळी किती चाललात ते सांगा.

(द्वितीय वर्ष, कला)