जुन्या मोटारसायकलीचा दम मध्येच का तुटतो?

पहाटेची धार काढून झाली की वीस-वीस लिटरचे दोन कॅन मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंस अडकवून दूध संकलन केंद्राकडे निघालेला शेतकरी महाराष्ट्रातील खेड्यांत नित्य दृष्टीस पडतो. चाळीस लिटर दुधाचे वजन सुमारे ४१ किलो भरते. एवढा भार घेऊन चढण चढत असताना गाडीचा दम एकाएकी तुटला, तर मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतो तो वेगळाच. शिवाय उन्हाळ्यात दूध वाटेतच रखडले म्हणजे ते नासण्याची भीती असते. एका वेळची सारी धार अशा रीतीने वाया जाते.

हा दोष मोठा फसवा आहे. दहा-बारा किलोमीटरवर गाडी अडते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू लागते आणि मिस्त्रीच्या दारात नेताच सुतासारखी सरळ चालते. मग आज प्लग, उद्या कॉईल, परवा कार्ब्युरेटर असे सुटे भाग बदलण्याचा क्रम सुरू होतो. पिकावरील रोग ओळखल्यावाचून औषधामागून औषध फवारावे, तसाच हा प्रकार होय. येता-जाता दोष आपली खूण फक्त गाडी अडते त्या क्षणी दाखवितो. म्हणून तपासणीही त्याच क्षणी झाली पाहिजे. ती करण्यास स्वारच सर्वांत योग्य मनुष्य आहे.

पुढील विवेचन कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांना लागू पडते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानक लागू झाल्यानंतर निघालेल्या गाड्यांत बहुधा इंधन-फवारणीची योजना असते. त्यांची तपासणी निराळी.

पेट्रोल की ठिणगी?

इंजिनाला योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. पेट्रोल कमी पडू लागले म्हणजे गाडी हळूहळू मंदावते, आचके देते व मूठ पिळूनही वेग घेत नाही. अशा वेळी चोक क्षणभर किंचित ओढून पाहावा. त्याने इंजिन सावरले, तर पेट्रोल अपुरे पोहोचते असे समजावे. ठिणगी तुटत असेल, तर इंजिन एकदम बंद पडते आणि एकदमच चालू होते. सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाजही येतो.

पेट्रोलची वाट

गाडी अडताच ती रस्त्याच्या कडेला घ्यावी व टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी पूर्ववत चालू लागली, तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले आहे असे जाणावे. पेट्रोल खाली उतरते तितकी हवा वरून आत यावी लागते. ती न आल्यास प्रवाह थांबतो. चिखल, गंज किंवा पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली बसविलेला प्लास्टिकचा तुकडा, एवढेही त्यास पुरते. छिद्र साफ करावे. मात्र झाकण सैल ठेवून गाडी चालवू नये.

झाकण निर्दोष असेल, तर घरी, इंजिन थंड असताना, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून कॉक उघडावा व पेट्रोल बाटलीत धरावे. धार आरंभी जोरात पडून मग बारीक झाली, तर कॉकची जाळी गंजाने किंवा गाळाने भरली आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून निघालेले पेट्रोल काचेच्या भांड्यात पाहावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. अलीकडील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते थोडे पाणी आपल्यात सामावून घेते. परंतु पाणी जास्त झाले म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून तळाशी उतरतात. म्हणून पावसाळ्यात टाकी फार काळ अर्धी ठेवू नये व जुन्या रबरी नळ्यांना चिरा पडल्या आहेत का, ते पाहत जावे. या कामी जवळपास विडी, दिवा वा चूल असता कामा नये.

ठिणगीची वाट

चांगला म्हणून खात्रीचा एक जादा प्लग गाडीसोबत बाळगावा. इंजिन अडताच पेट्रोल कोठे सांडलेले नाही हे पाहून, मूळ प्लग न काढता त्याची टोपी या जादा प्लगवर चढवावी. त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूस घट्ट टेकवून कोरड्या रबरी मुठीच्या पक्कडीने धरावे, हाताने स्पर्श करू नये, आणि किक मारावी. निळी, टचटचीत ठिणगी दिसली नाही, तर दोष विजेच्या वाटेतच आहे. ठिणगी दिसली, तर जादा प्लग इंजिनात बसवून पाहावा. मात्र उघड्यावर पडलेली ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

तापल्यावर अडणारी व निवल्यावर चालणारी गाडी कॉईलविषयी संशय उत्पन्न करते. जुन्या पॉइंटच्या गाड्यांत कंडेन्सरही असाच दगा देतो. दव किंवा पाऊस असतानाच दोष येत असेल, तर प्लगची टोपी व जाड वायर यांना तडे शोधावेत. उभ्या गाडीचे हँडल दोन्हीकडे वळविताच इंजिन अडखळत असेल, तर तेथील वायर आतून तुटली आहे.

दोष इंजिनाचा नसेलही

इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. ब्रेक न लावताही चाकाचा ड्रम हात टेकवू नये इतका तापत असेल, तर ब्रेक चिकटत आहे. या दोहोंवर नवा प्लग वा कॉईल हा उपाय नव्हे.

चार ओळींची नोंद

गाडी अडली तेव्हा किती किलोमीटर झाले होते, इंजिन गार होते की तापलेले, टाकीत पेट्रोल किती होते, पाऊस, चढ व भार होता काय, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. तीन-चार वेळच्या नोंदी जुळविल्या की दोषाची दिशा आपोआप उमगते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्यांना झाकणाची व जादा प्लगची तपासणी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. नोंद घेऊन गेलेला शेतकरी मिस्त्रीला ‘काहीतरी होते’ असे न सांगता नेमके काय होते ते सांगू शकतो. त्याचा पैसा वाचतो आणि दूध वेळेवर पोहोचते.