रक्ताचा अहवाल आणि लिम्फोमा

वसई-विरारकडील एखाद्या मनुष्याच्या मानेतील गाठ महिना उलटूनही ओसरत नाही, सायंकाळी ज्वर चढतो, रात्री अंथरूण घामाने भिजते, तेव्हा प्रथम क्षयाचा संशय घेतला जातो, आणि तो अवाजवी नव्हे. परंतु थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेला ग्रंथिविकार व त्याच्या कुळातील इतर लिम्फोमा (लसिकापेशींचे कर्करोग) हेही नेमक्या याच लक्षणांनी प्रकट होतात. अशा वेळी वाढलेला ईएसआर (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग), सबळ कारणावाचून घटलेले हिमोग्लोबिन, लिम्फोसाइट पेशींची असाधारण संख्या आणि विशेषेकरून चढलेले एलडीएच (पेशींमधील एक विकर) यांची दखल घ्यावी. एलडीएच मात्र जपून वाचावे, कारण नळीतील तांबड्या पेशी हाताळणीत फुटल्या की हा आकडा विनाकारण फुगतो. रक्तद्रव लालसर दिसला तर नमुना पुन्हा द्यावा. उलटपक्षी, कित्येक रोग्यांचे प्रारंभीचे अहवाल सर्वस्वी निर्दोष असतात, आणि आमच्या मते खरा धोका त्यातून येणाऱ्या निर्धास्तपणातच आहे. फैसला गाठीच्या बायॉप्सीनेच होतो. सुईने काढलेल्या पेशी पुष्कळदा अपुऱ्या पडतात, आणि तत्पूर्वी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या निदान झाकोळून टाकतात. अशा तपासणीसाठी जायचे तर १९४१ पासून कर्करोग्यांच्या सेवेत असलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय विरार लोकलच्याच मार्गावर, प्रभादेवी स्थानकापासून जवळ आहे. जाताना जुने सर्व अहवाल तारीखवार लावून सोबत न्यावेत.