गाडी टायर का खाते?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जालना, बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या या काँक्रीटच्या रस्त्याला एक आरोप कायमचा चिकटला: हा रस्ता टायर खातो. त्यात थोडे तथ्य आहे. पकड राहावी म्हणून काँक्रीटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवतात, उन्हात तो तापतो, आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला रबर जास्त झिजणारच. पण ही झीज टायरच्या सगळ्या रुंदीवर पडते. नक्षी बाहेरच्या कडेला शाबूत आणि आतल्या कडेला साफ झालेली असेल, तर दोष काँक्रीटच्या माथी मारता येत नाही. रस्ता टायरची एकच कड निवडून झिजवत नाही. चाकच तिरके टेकते आहे किंवा तिरके फरफटते आहे. असमान झिजेचे मूळ बहुतेक वेळा जालना जिल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर आणि हवा भरण्याच्या सवयीत असते. महामार्ग ती झीज भराभर वाढवतो, एवढाच त्याचा वाटा.

फरफट म्हणजे किती, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. वरून पाहिले तर गाडीची पुढची दोन चाके जवळजवळ समांतर असायला हवीत. समजा, एक चाक त्याच्या योग्य दिशेपासून अंशाच्या फक्त पाचव्या भागाने वळलेले आहे. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. तरी असे चाक दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवे घासले जाते. नागपूर ते शिर्डी एवढ्या अंतरात ही आडवी घसट पावणेदोन किलोमीटरच्या वर जाते. याची खूण हाताला लागते. गाडी उभी असताना टायरच्या रुंदीवरून तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने तो सहज सरकतो, उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या बोचतात. चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेले असेल, तर मात्र कडा न बोचता एकच बाजू सपाट होत जाते. आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, गाडी घुमल्यासारखा आवाज करत असेल, तर शॉकअप तपासावेत. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत असते.

चाके तिरकी होतात कशाने? भोकरदन, परतूर, मंठा या भागांतली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तिच्यावरचे डांबर तिच्यासोबत उचलते आणि फुटते. त्यावरून सळया आणि माल वाहणारे अवजड ट्रक गेले की खड्डे पडतात. खड्ड्यात जोरात आदळलेल्या चाकाचा टायरॉड किंचित वाकतो, रबरी बुश दबतात, बॉल जॉइंट सैल होतात. मग दोष अखेर रस्त्याचाच झाला, असे कुणी म्हणेल. रास्त आहे, आणि रस्ते नीट ठेवण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. पण ज्या रस्त्याला बोल लावला जातो तो हा नव्हे. ‘अलाइनमेंट केली तरी गाडी टायर खाते’ या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. बुश आणि जॉइंट सैल असताना मशीनवर जुळवलेला कोन पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. आधी सैल भाग बदलावेत, मग कोन जुळवावा.

हवेचा गैरसमज याहून घातक आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असे अनेक जण मनापासून मानतात. त्यांचा तर्क असा की तापल्यावर हवेचा दाब वाढतो. दाब वाढतो हे खरे, दर दहा अंशांमागे दीड पीएसआयच्या आसपास; पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. हवा कमी असली की टायर बसतो, भार दोन्ही कडांवर येतो आणि त्या कडा झिजतात. शिवाय प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते, सुटते. ताशी १२० किलोमीटरला कारचे चाक मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, आणि या दबण्या-सुटण्यातून निर्माण होणारी उष्णता उन्हापेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणजे फुटण्याच्या भीतीने कमी केलेली हवाच टायर फुटण्याकडे नेते. हवा जास्त झाली तर मधला पट्टा आधी गुळगुळीत होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग कमी झाल्याने पकड घटते, म्हणून उपाय त्या टोकालाही नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा पाहावा आणि सकाळी, गाडी पळवण्याआधी हवा तपासावी.

कायद्याने कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. पण बाहेरून खाचा दिसल्या की टायर चांगला, असे समजण्यात धोका आहे. आतली कड उभ्या गाडीत दिसतच नाही. तिथे रबर संपून तारा उघड्या पडल्या, तरी बाहेरची बाजू नवी वाटत राहते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या टायरची आतली कड समोर येते. मागच्या टायरसाठी मात्र वाकून, बॅटरीच्या उजेडातच पाहावे लागते.