रस्सी ओढण्याआधी

गणपती गेले की कोकणात गवत कमरेला लागतं. काजूची बाग बेणायची असते, आंब्याखालचं रान मारायचं असतं, भाताच्या मेरा मोकळ्या करायच्या असतात. कोयतीने दिवसभर हे काम करणारा गडी आता सहजी मिळत नाही, म्हणून खांद्यावर पट्टा टाकून चालवायचा ग्रासकटर घरोघरी आला. गेल्या दिवाळीपासून पडवीच्या कोपऱ्यात उभा असलेला हा कटर नेमका याच दिवसांत चालू व्हायचं नाकारतो. मालक रस्सी ओढतो, चोक लावतो, काढतो, पुन्हा ओढतो. मग शेजारी ओढून बघतो. शेवटी दोघेही घामाघूम होऊन मोटारसायकलला आडवा कटर बांधून मेस्त्रींकडे येतात.

कुडाळच्या बाजूला अशा एका मेस्त्रींची पत्र्याची शेड आहे. माझा कटर दुरुस्त होऊन गेला, तरी या मोसमात मी अधूनमधून तिथे जाऊन बसत राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘चालूच होणा नाय. गेल्या वर्षाक बरो चालत होतो.’ मेस्त्री त्यावर काही बोलत नाहीत. रस्सीलाही हात लावत नाहीत. टाकीचं झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, ‘पेट्रोल कधीचा?’

पेट्रोल, करंट आणि दाब, या तिन्हींपैकी काहीतरी कमी पडल्याशिवाय इंजिन बंद राहत नाही. हे कुणीही सांगेल. मेस्त्रींचं कसब आहे ते कुठून सुरुवात करायची यात. जे बघायला पाना लागत नाही ते आधी. मग एक पाना लागेल ते. कार्बोरेटर त्यानंतर, आणि इंजिनची चिरफाड अगदी नाइलाज झाला तरच. घरी मात्र हा क्रम बरोबर उलटा होतो. मालक आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून मोकळा होतो, कारण ते बाहेरून दिसतात आणि स्क्रूड्रायव्हर घरात असतो. ‘ह्यो स्क्रू कोणी फिरवलो?’ असं मेस्त्रींनी विचारलं की समोरचा माणूस गवताकडे बघू लागतो. मूळच्या एका बिघाडाचे आता दोन झालेले असतात.

वास घेऊन झाला की मेस्त्री रस्सी हळूच, सावकाश ओढतात. इंजिन चालू करायला नाही, दाब हाताला लागतो का ते बघायला. पिस्टन वर येताना रस्सी एका जागी अडली पाहिजे आणि जरा जोर लावल्यावर पुढे सरकली पाहिजे. ती विहिरीवरच्या दोरासारखी सरळ येत राहिली, तर दुखणं मोठं आहे.

मग प्लग. या शेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ प्लगकडे बघण्यात जातो. प्लग काढून ते उजेडात धरतात. टोक चॉकलेटी आणि कोरडं असेल तर इंजिन गेल्या वेळी नीट जळत होतं. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडलंय किंवा हवेची जाळी तुंबलीय. इतकी रस्सी ओढूनही प्लग ठणठणीत कोरडा असेल, तर पेट्रोल वर येतच नाही. आणि ओलाचिंब असेल, पेट्रोल टपकत असेल, तर इंजिन ओव्हर झालंय. चोक लावून ओढत बसलं की हेच होतं. त्यावर उपाय फुकटचा आहे. प्लग बाहेर, चोक उघडा, इंजिन उलटं करून प्लगच्या भोकातून साचलेलं पेट्रोल सांडू द्यायचं, रस्सी थोडी ओढायची आणि चहा पिऊन यायचं. कितीतरी कटर या चहावरच बरे होतात. त्याचे पैसे मेस्त्री घेत नाहीत, हे त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने मला पटत नाही.

करंट बघायची रीत साधी आहे. प्लगला टोपी लावायची, प्लगची लोखंडी बाजू सिलिंडरच्या पंखांना टेकवायची आणि रस्सी झटक्यात ओढायची. निळी, कडक ठिणगी उडली तर बरं, पिवळी आणि मरतुकडी उडली तर प्लग बदलायचा. मात्र सांडलेलं पेट्रोल आधी पुसायचं आणि प्लग भोकापासून लांब धरायचा, नाहीतर हाताचे केस जळतात. कटरला बॅटरी नसते. चाकावरचं मॅग्नेट कॉइलसमोरून वेगाने गेलं तरच वीज तयार होते, म्हणून भीत भीत ओढलेल्या रस्सीला करंट येत नाही. पावसाळ्यात या मॅग्नेटवर गंज चढतो. मेस्त्री तो पॉलिश पेपरने घासतात आणि मॅग्नेट व कॉइल यांच्यात जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवून स्क्रू आवळतात. तेवढंच, साधारण ०.३ मिलिमीटरचं अंतर हवं असतं.

करंट अजिबातच नसला तरी कॉइलवर त्यांचा लगेच संशय नसतो. आधी ते बटणाची वायर सोडवतात. कटर बंद करायचं बटण करतं एवढंच की कॉइलचा करंट बॉडीला नेऊन मारतं. दांड्यावरून येणारी ती बारीक वायर कुठे घासून उघडी पडली, की बटण चालू असूनही इंजिनच्या लेखी ते बंदच. एका गृहस्थांनी नवीन कॉइल सोबत विकत आणली होती. मेस्त्रींनी वायर काढली, रस्सी ओढली, निळी ठिणगी पडली. कॉइलचं खोकं न उघडता परत गेलं.

पण बहुतेक आजार पेट्रोलचेच. जुनं पेट्रोल उग्र, वार्निशासारखं नाकात बसतं. त्यात आता इथेनॉल आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. घाटावरच्या उसाने शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा? पुरेसं पाणी शोषलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. टाकीतल्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो मुद्दामच तळाशी पडून राहतो. म्हणजे इंजिनला पहिला घोट त्या पाण्याचाच. मेस्त्रींनी एका टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि मालकासमोर धरलं. वर हिरवट पेट्रोल, खाली गढूळ थर, मधली रेघ स्वच्छ दिसत होती. ‘ह्या पेट्रोल नाय, पाणी हा.’

अशा कटरचा कार्बोरेटर उघडावाच लागतो. मोटारसायकलसारखा यात तरंगणारा फ्लोट नसतो, कारण कटर उतारावर, बांधावर, कसाही तिरका धरला तरी चालला पाहिजे. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. मेस्त्री त्यांना डायफ्राम म्हणतात. पिस्टन वरखाली होताना खालच्या पेटीतला दाब कमीजास्त होतो, तो एका बारीक भोकातून पहिल्या पडद्याला हलवतो आणि पेट्रोल वर खेचलं जातं. दुसरा पडदा एका चिमुकल्या तरफेला दाबून सुई उघडतो, हवं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. हा पडदा मऊ असेल तोवरच हे सगळं चालतं. मेस्त्रींनी काढलेला पडदा मी बोटांनी वाकवून पाहिला, तो पापडासारखा कडकडला. सुई अडकलेली, जाळीवर पिवळा डिंक. नवीन पडदे, जाळी आणि सुई यांचं किट मिळतं. भोकांत तार घालायची नाही, यावर ते ठाम आहेत. हवा मारायची, क्लीनर मारायचा. तारेने भोक मोठं झालं की कार्बोरेटर फेकायचा.

एकदा मात्र प्लग, करंट, पेट्रोल, दाब सगळं जागच्या जागी होतं आणि इंजिन दोन फटके मारून बंद पडत होतं. मेस्त्री बराच वेळ नुसते बसून राहिले. मग सायलेन्सरच्या तोंडात खिळा घातला. आतून वाळलेली माती निघाली. कुंभारीण माशीने उन्हाळ्यात तिथे घर बांधलं होतं. आलेला धूर बाहेर पडला नाही तर नवी हवा आत कुठून येणार?

सगळ्यात वाईट केस मी असताना आली ती टू-स्ट्रोकची. रस्सी विहिरीतल्या दोरासारखी सरळ येत होती. मेस्त्रींनी सायलेन्सर खोलला आणि आत बॅटरी मारून मला बोलावलं. धूर जाण्याच्या खिडकीतून पिस्टनची कड दिसत होती, त्यावर उभे खोल ओरखडे. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं, लिटरला मशीनप्रमाणे २० ते ४० मिली. ते पडलं नाही की पिस्टन सिलिंडरला घासून खातो. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं भरतात, त्यामुळे ज्या घरात दोन्ही मशीन आहेत तिथे कॅनची अदलाबदल हमखास होते.

‘ऑइल मी स्वतः घातलंय,’ मालक म्हणाले.

मेस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांच्याच कॅनमधलं पेट्रोल बोटाने वहीच्या कोऱ्या पानावर टेकवलं. ऑइल असेल तर पेट्रोल उडून गेल्यावर तेलकट डाग राहतो. पान वाळलं तेव्हा त्यावर काहीच नव्हतं. मालकांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कॅन हुंगला आणि मुंबईच्या मुलाला फोन लावला. सिलिंडर-पिस्टनचा सेट बसवायचा की नवीनच घ्यायचा, यावर दोघांचं एकमत होईना. मुलगा नवीन म्हणत होता. मेस्त्रींचं म्हणणं, सेट आणून द्या, बेअरिंग बघतो आणि मगच सांगतो.