नव्वदचे चारशे ऐंशी

डीमॅट खात्यातले शेअर एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे न्यायचे तर फार खटाटोप नसतो. नव्या ब्रोकरकडून सहीशिक्क्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट घ्यायचा, जुन्याकडे खातं बंद करण्याचा अर्ज द्यायचा, त्याला तो जोडायचा. दोन्ही खाती एकाच माणसाची असली आणि सगळेच शेअर हलवायचे असले तर त्याचं शुल्कही पडत नाही. काही दिवसांत शेअर नव्या खात्यात येतात. पण येतात ते नुसते नग. कधी घेतले, काय भावाने घेतले, हे सोबत येत नाही. एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटऱ्या कोणाकडे किती शेअर आहेत ते सांगतात. खरेदीचा भाव त्यांच्याकडे नसतो. तो जुन्या ब्रोकरच्या नोंदीत असतो, आणि खातं बंद झाल्यावर तिथून तो काढून घेणं कठीण होतं. म्हणून आधी या तारखांची आणि भावांची, नव्या ब्रोकरला द्यायची एक्सेलची फाइल तयार करायची आणि मगच अर्जावर सही.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या काकांसाठी ही फाइल मी केली. त्यांचं खातं आता मला अमरावतीहून पाहता येईल अशा ब्रोकरकडे न्यायचं होतं. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. आमच्याकडे हातात पैसा आला की प्लॉट, सोनं नाहीतर बँकेतली ठेव. काकांनी मात्र पगारातून उरेल त्यातून शेअर घेतले आणि प्रत्येक खरेदी वहीत लिहून ठेवली.

"पोरी, शेअर तं जातेच नं तिकडं, मंग हे सारं लिहा काऊन लागते?"

"काका, तिकडे तुमच्या खरेदीचा भाव शून्य दिसेल."

"म्हणजे इकले तं साराच नफा म्हणतीन!"

एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं होतं.

फाइलचे रकाने मोजके: शेअरचं नाव, आयएसआयएन म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, तारीख, नग, भाव. अवघड असतं ते एका शेअरच्या किती ओळी करायच्या हे ठरवणं. काकांचा विप्रो घ्या. ही कंपनी 1945 साली खानदेशातल्या अमळनेरला तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली. तिथल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि त्या गोष्टी ऐकूनच काकांनी 2014 मध्ये 90 शेअर घेतले. आज खात्यात 480 आहेत. त्यानंतर त्यांनी एकही विकत घेतलेला नाही. जून 2017 मध्ये एकास एक बोनस, 90 आले. मार्च 2019 मध्ये तीनमागे एक, 60 आले. डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा एकास एक, 240 आले.

सोपा मार्ग मोह पाडतो: 2014 ची तारीख, 480 नग, आणि दिलेल्या पैशाला 480 ने भागून आलेला भाव. सरासरी बरोबर दिसते, पण कराचा हिशेब साफ चुकतो. बोनसचा धारणकाळ तो मिळाला त्या दिवसापासून मोजतात आणि त्याची किंमत शून्य धरतात. 31 जानेवारी 2018 पर्यंत आलेल्या शेअरांना मात्र त्या दिवशीच्या सर्वांत वरच्या भावाचा आधार मिळतो, मग तो बोनस का असेना. म्हणजे 2017 चे 90 आणि 2019 चे 60 दोन्ही बोनसच, पण विकताना त्यांचा नफा वेगवेगळा निघणार. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा सोडून, साडेबारा टक्के कर आहे. त्यामुळे विप्रोच्या चार ओळी करायच्या, आणि चारही वेगळ्या ठेवायच्या.

स्टेट बँकेचं गणित निराळं. नोव्हेंबर 2014 मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर एक रुपयाचा झाला. इथे नगांना दहाने गुणायचं, भावाला दहाने भागायचं, तारखेला हात लावायचा नाही. पण आयएसआयएन बदलतो: शेवटचे आकडे 012 होते ते 020 झाले. काकांच्या वहीला जोडलेल्या काँट्रॅक्ट नोटवर जुनाच आहे. तो तसाच उतरवला तर त्याच्याशी आजच्या खात्यातला शेअर जुळत नाही. त्याच नोटवरून भावही काढायचा, आणि त्यात ब्रोकरेज धरता येतं, एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, धरता येत नाही.

मग एक्सेल स्वतःच्या मनाने जे करतं ते. सीडीएसएलचा खातेक्रमांक सोळा आकडी असतो आणि एक्सेल संख्या म्हणून पंधराच आकडे नीट धरतं. सोळावा गुपचूप शून्य होतो. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मग क्रमांक लिहायचा. लिहून झाल्यावर रकाना बदलून गेलेला आकडा परत येत नाही. तारखेचं तर याहून वाईट. काकांच्या वहीत एक खरेदी 01-02-2018 ची आहे, अर्थसंकल्पाच्या दिवसाची. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी असली तर तीच 2 जानेवारी होते, आणि 31 जानेवारीच्या अलीकडची खरेदी पलीकडची होऊन नसलेली करसवलत मिळाल्यासारखी दिसते. अशा तारखेवर संगणक तक्रार करत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच. म्हणून महिना मी अक्षरात लिहिते, फेब्रुवारीचा 'फेब', आणि शेवटी रकाना नव्या ब्रोकरच्या नमुन्याप्रमाणे करून पुन्हा वहीशी ताडून पाहते.

वहीतले काही भाव पुसट झाले होते. त्यासाठी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या त्या दिवसाच्या भावकॉपीत उच्चांक आणि नीचांक पाहिले. पुसट आकडा तीन आहे की आठ, ते बहुतेक ठिकाणी लगेच ठरलं. जिथे दोन्ही आकडे त्या दिवसाच्या भावात बसत होते, तिथे जुन्या ब्रोकरकडे लेजर मागितलं आणि त्या दिवशी खात्यातून गेलेल्या रकमेवरून भाव काढला. अंदाजाचा एकही आकडा फाइलमध्ये नको, हा माझा हट्ट होता. विवरणपत्रावर सही काकांची असते.

शेवटी प्रत्येक आयएसआयएनच्या नगांची बेरीज होल्डिंग स्टेटमेंटशी जुळवली. विप्रोच्या चार ओळींची 480 आली. काकांनी ती वहीत स्वतः मांडून पाहिली आणि मग खातं बंद करण्याच्या अर्जावर सही केली.