पगार जमा झाला, पण कोणत्या रकान्यात?

हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्याने सात तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्याने दहा तारखेपर्यंत पगार करावा, असे १९३६ च्या वेतन कायद्याने घालून दिले होते. चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या महिन्याची घडी अजून बरीचशी त्याच तारखांवर बसलेली आहे. खोलीभाडे, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता, दुचाकीचा ईएमआय, सगळे त्याच आठवड्यात. याच दिवसांत देशाच्या हिशेबातही एक हालचाल होते, ती मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या चालू खात्यातून पैसे निघतात आणि कामगारांच्या बचत खात्यांत पडतात. दोन्ही खाती एकाच बँकेत असली, तर बँकेच्या एकूण ठेवींत एका रुपयाचाही फरक पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लेखी मात्र ती रक्कम खासगी कंपनी क्षेत्रातून उठून कुटुंब क्षेत्रात जाऊन बसलेली असते.

ठेव कोणाची, याची ही नोंद बँका ज्या विवरणपत्रांतून कळवतात, त्यांना बँकवाले 'बीएसआर' म्हणतात. ही पद्धत १९७२ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्यातले दुसरे विवरणपत्र ठेवींचे. बचत, चालू आणि मुदत असे ठेवींचे प्रकार, आणि सरकार, खासगी कंपन्या, वित्तीय संस्था, कुटुंबे व परदेशी असे मालकांचे पाच गट. वर्षानुवर्षे ही माहिती ३१ मार्चच्या शिलकेवरून घेतली जात असे. अलीकडे ती तिमाहीने येऊ लागली आहे. तारीख मात्र तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचीच, आणि इथे पगाराच्या तारखेची गंमत होते. महिनाअखेरीलाच पगार करणाऱ्या कंपनीचे पैसे त्या दिवशी कामगारांच्या नावावर दिसतात, सात तारखेवाल्या कंपनीचे अजून कंपनीच्याच नावावर असतात. कामगारांच्या काटकसरीचा या फरकाशी काही संबंध नसतो.

कुटुंब क्षेत्र म्हटले की डोळ्यांसमोर नवरा-बायको, दोन मुले आणि पासबुक येते. बँकांमधल्या ठेवींत या क्षेत्राचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे, असे वाचले की आपण त्या सगळ्या पगारदार, पेन्शनर आणि गृहिणींच्या ठेवी समजतो. आता भोसरी एमआयडीसीतला एखादा गाळा पाहा. तीन लेथ, एक सीएनसी, आठ माणसे, मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचे जॉबवर्क. मालकाची फर्म त्याच्या एकट्याच्या नावावर किंवा भावाबरोबर भागीदारीत. या फर्मचे चालू खाते बँकेच्या विवरणपत्रात कुटुंब क्षेत्रात मोजले जाते. पार्टीकडून अडकलेले बिल सुटले की 'कुटुंबांच्या' ठेवी वाढतात, लोखंडाच्या व्यापाऱ्याला पैसे दिले की त्याच्या खात्यात जातात, आणि तोही एकट्याच्या नावावर धंदा करत असेल तर ते पुन्हा कुटुंब क्षेत्रातच राहतात. पुढे सीएच्या सल्ल्याने मालकाने प्रायव्हेट लिमिटेड काढली, की तोच गाळा, तीच माणसे आणि तोच पैसा कंपनी क्षेत्रात गेला. त्याने सीएनसीसाठी काढलेले कर्जसुद्धा तोपर्यंत कुटुंबांच्या कर्जात धरलेले असते. कुटुंबे कर्जबाजारी झाली अशी ओरड होते, तेव्हा त्या कर्जात लग्न आणि मोबाइल किती आणि मशिनरी किती, हे विचारायला हवे. शिवाय २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत, नीट हिशेब ठेवणाऱ्या अशा काही धंद्यांना कंपन्यांच्या पंक्तीत बसवले गेले. म्हणजे एकाच गाळ्याला एका तक्त्यात कुटुंब म्हणतात आणि दुसऱ्यात कंपनी.

देवस्थानांच्या, शाळांच्या आणि धर्मादाय न्यासांच्या ठेवीही कुटुंब क्षेत्रातच येतात. चिंचवडचा मोरया गोसावींचा गणपती संख्याशास्त्राच्या दृष्टीने आपल्याच घरातला.

महापालिकेची ठेव मात्र सरकारी रकान्यात. पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ साली झाली आणि कारखान्यांच्या जकातीवर तिची तिजोरी वाढली. अशा पालिकेच्या ठेवी कुठे असतात, याकडे नागरिकांचे लक्ष फारसे नसते. ते गेले ५ मार्च २०२० रोजी. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले, खातेदाराला पन्नास हजारांपर्यंतच रक्कम काढता येईल असे ठरले, आणि पालिकेचे नऊशे कोटींहून अधिक रुपये त्या एका बँकेत असल्याचे समोर आले. हे पैसे मुळात नागरिकांचे. मिळकतकर भरला त्या दिवशी ते कुटुंबाच्या खात्यातून निघून सरकारच्या खात्यात गेले होते. १८ मार्चला निर्बंध उठले आणि पैसे सुटले. ठेव विम्याची मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत एका लाखावरून पाच लाखांवर गेली होती, पण पाच लाखांचे कवच शेकडो कोटींच्या ठेवीला काय पुरणार?

छोट्या ठेवीदाराला मात्र ते पुरते. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम विमा महामंडळाकडून मिळण्याचा हक्क असल्याचे सांगितले गेले. उरलेला एक टक्का डोक्यांच्या मोजणीत किरकोळ वाटतो, पण मोठ्या रकमा त्याच्याकडेच असतात. पतसंस्थांचे आणखी वेगळे. कारखान्यातली पगारदारांची पतसंस्था पगारातूनच वर्गणी कापून घेते, अडल्यानडल्याला कर्ज देते आणि दिवाळीला लाभांश वाटते. ती सहकार खात्याच्या कायद्याखाली चालते. ती बँक नाही, म्हणून तिथल्या ठेवीला त्या विम्याचे कवच नाही आणि बँकांच्या विवरणपत्रात ती सभासदाच्या नावावर दिसतही नाही. राष्ट्रीय बचतीच्या हिशेबात तिला वेगळी जागा आहे. भिशी तर कुठेच नाही, आणि तसे असणे बरोबरही आहे. एका बाईचे देणे ते दुसरीचे येणे, दोघी एकाच क्षेत्रात, वजाबाकी शून्य.

आता ठेव कुठली, हा प्रश्न. ठेव मोजतात खाते ज्या शाखेत आहे तिथे. चाकणच्या प्लान्टमधली मिळकत कंपनीने मुंबईच्या शाखेत मुदत ठेवीत टाकली, तर ती मुंबईची. लातूर किंवा बीडहून आलेल्या कॉन्ट्रॅक्ट कामगाराने गावाकडच्या खात्यावर पैसे पाठवले, तर ते गावाचे. जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठेवींची तुलना करून 'अमुक जिल्हा बचतीत मागे' असे निष्कर्ष काढणाऱ्यांचे मला म्हणूनच नवल वाटते. मागे की पुढे हे ठरण्याआधी कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे, ते ठरलेले असते.

२०२३ साली एका आकड्याने बरीच खळबळ उडवली होती. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली; कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ती अकरा टक्क्यांच्या वर होती. यातला 'निव्वळ' हा शब्द अनेक मथळ्यांतून गळला. ठेवी, पीएफ, विमा, शेअर यांत वर्षभरात टाकलेल्या पैशांतून त्याच वर्षी घेतलेले कर्ज वजा केले की निव्वळ बचत मिळते. मोशी, चिखली, रावेतला फ्लॅट घेणारे जोडपे डोळ्यांसमोर आणा. दहा वर्षे साठवलेली एफडी मोडली, वर गृहकर्ज घेतले. त्या वर्षी या घराची वित्तीय बचत थेट उणे. मात्र घर ही भौतिक बचत, ती दुसऱ्या ओळीत वाढलेली असते. आईवडिलांच्या मते पोरगा मार्गी लागला; वित्तीय बचतीच्या तक्त्यात तो उधळ्या ठरला. सगळी घसरण अशी निरुपद्रवी होती असे मी म्हणणार नाही, कारण घर न घेताही हप्त्यांत बुडालेली माणसे याच वस्त्यांत आहेत. पण दोन्ही प्रकारची माणसे एकाच बेरजेत असतात.

एसआयपीबद्दलची तक्रारही अशीच तपासून घ्यावी. लोक ठेवी सोडून पर्यायांकडे वळत आहेत, अशी काळजी ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बोलून दाखवली. कामगाराने दोन हजारांची एसआयपी केली की त्याच्या बचत खात्यातून पैसे जातात हे खरे, पण ते म्युच्युअल फंडाच्या बँक खात्यात जातात आणि तिथून शेअर विकणाऱ्याच्या. एकूण बँकव्यवस्थेतून ते सहसा बाहेर पडत नाहीत. बँकांचे दुखणे वेगळे आहे. कामगाराच्या बचत खात्यातला पैसा स्वस्त आणि मुक्कामी असतो. फंडाचा किंवा कंपनीचा पैसा पाव टक्क्यासाठी घासाघीस करतो आणि उद्या दुसऱ्या बँकेत जातो. बचत खात्यावर किती व्याज द्यायचे, याचे स्वातंत्र्य बँकांना ऑक्टोबर २०११ पासून आहे. ठेवीदार निघून जात आहेत असे म्हणणाऱ्या बहुतेक मोठ्या बँकांनी ते स्वातंत्र्य दर वाढवण्यासाठी फारसे वापरलेले नाही.

शाखांची ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी अशी वर्गवारीही लोकसंख्येवरून होते, आणि ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. तेव्हा पिंपरी-चिंचवड सतरा लाखांच्या वर होते, म्हणून इथली शाखा महानगरी. चाकण एक्केचाळीस हजारांचे, म्हणून निमशहरी. आसपासच्या एखाद्या गावाच्या हद्दीत शाखा असेल आणि २०११ मध्ये त्या गावात दहा हजारांहून कमी माणसे असतील, तर तिथल्या मोटार कारखान्याच्या कामगारांची ठेव 'ग्रामीण' ठरते. २०२७ च्या जनगणनेत चाकण लाखापुढे गेल्याचे निघाले आणि वर्गवारी बदलली, की निमशहरी ठेवी घटून शहरी ठेवी वाढल्याचे तक्ते येतील. त्या तिमाहीत चाकणच्या बँकांत कोणी पैसे काढले का आणि कोणी भरले का, हे त्या तक्त्यांवरून कळणार नाही.