निळू फुले यांचे पाटील

एका नटाच्या आयुष्यावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही ना नाटकवाले, ना टीकाकार. शाळा अर्धवट सुटली आणि पुढचे सारे शिक्षण गेटसभा व वाचनालय यांत झाले. पण निळू फुले हे आम्हांला आमच्यातलेच कामकरी वाटत आले आहेत.

1930 साली पुण्यात जन्मलेला हा माणूस तरुणपणी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांचे नाट्यशिक्षण झाले. तेथून ते वगनाट्याकडे वळले. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांचे नाव गावोगाव पोहोचवले. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्या दोघांची फजिती करणारा सोंगाड्या असतो. संहिता नावापुरती; आज गावात काय घडले ते हेरून आजच बोलायचे. सत्तेकडे खालून पाहण्याची सवय नटाला तेथे लागते. 1968 साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना पडद्यावर आणले. त्यानंतर खलनायकाच्या भूमिका अशा चालून आल्या की, खेड्यातल्या बाया त्यांना खरोखरच शिव्या देऊ लागल्या.

1972 साली त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर रंगभूमीवर उभा केला. नाटकावर बंदी आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयात झगडावे लागले, व ते जिंकले. गवगवा अश्लीलतेचा झाला. आम्हांला मात्र वेगळेच बोचले. सखाराम हा पुस्तके बांधणारा कारागीर, म्हणजे आमच्याच वर्गातला. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तो आसरा देतो आणि घरात स्वतःच मालक होऊन बसतो. गेटवर समतेची घोषणा देऊन घरी ताटावर ओरडणारे आमच्या युनियनमध्ये थोडे नाहीत. आम्ही स्वतः त्यातून अगदी सुटलो आहोत, असे आमच्या घरी कोणी म्हणणार नाही.

जब्बार पटेलांचा ‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. आम्ही तो पुढे जत्रेतल्या तंबूत, सतरंजीवर बसून पाहिला. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे-पाटील कोणावर हात उगारत नाहीत. खर्जातला घोगरा आवाज, सावकाश बोलणे, पाहुण्याची बडदास्त. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढे एकच लागूंचे मास्तर विचारतात आणि त्या वैभवाला तडा जातो. लहानपणी आम्हांला ते फारसे उमगले नाही. पुष्कळ वर्षांनी एका मालकाने आम्हांला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, बारा माणसे कमी केल्याचे सांगितले, तेव्हा तो आवाज आम्ही ओळखला. जुलूम करणारा आरडाओरडा करील या समजुतीने आम्ही तयारी करून गेलो होतो, आणि फसलो.

‘सिंहासन’ (1979) मध्ये त्यांनी बाजू बदलली. तेथे ते सारे पाहणारे पत्रकार दिगू टिपणीस आहेत. त्याच चित्रपटात सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टाही आहे. आमच्या मंडळींनी तो जरूर पाहावा, जरी सुखाने पाहवणार नाही.

अखेर त्या निधीबद्दल सांगितले पाहिजे. 1980 नंतरच्या दशकात डॉ. लागू, तनुजा, निळूभाऊ प्रभृतींनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या खटपटीत होते. त्या रकमेच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. रक्कम मोठी नसे. पण महिनाअखेरीस कार्यकर्त्याच्या घरी डाळीच्या डब्याचा तळ दिसतो आणि त्याची बायको तेव्हा काही बोलत नाही, हे निळूभाऊंना ठाऊक होते. 2009 साली ते गेले, तोवर कार्यकर्त्यांच्या सभांना त्यांचे येणे-जाणे होते, सतरंजीवर बसत.